खाणीचे गाव आणि गावाचे नाव

एकाच गावाचे एकाने गोडवे गावेत आणि त्याच गावाला त्याच्याच शेजाऱ्याने नावे ठेवावीत, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. बाहेरचा माणूस हे ऐकून गोंधळतो. त्याला वाटते, दोघांपैकी एकजण खोटे बोलत असला पाहिजे. परंतु खाणीच्या गावात राहिलेल्या माणसाला हा गोंधळ होत नाही. डिचोलीत, सत्तरीत, सांग्यात आणि कुडचडे-सावर्ड्यात आपण हे द्वंद्व दोन पिढ्या ऐकत आलो आहोत. आपल्या अंगणातील भांडण मात्र आपल्याला निर्विकारपणे पाहता येत नाही. तेव्हा क्षणभर गोमंतकाबाहेर, पार मध्य प्रदेशातील उकव्याकडे पाहावे, असे आम्हांला वाटते.

उकवा हे बालाघाट जिल्ह्यातील गाव. बालाघाटहून बैहरकडे निघालेला रस्ता घाट चढून जंगलाने वेढलेल्या पठारावर येतो, तेथे ते वसले आहे. हाच रस्ता पुढे मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीकडे आणि कान्ह्याच्या व्याघ्रप्रकल्पाकडे जातो. भोवतालच्या पाड्यांत गोंड आणि बैगा यांची वस्ती, तर खालच्या सपाट मुलखात पोवारी, मराठी आणि हिंदी या तिन्ही भाषा नांदतात. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा मुलूख आणि विदर्भ एकाच प्रांतात होते. राज्ये वेगळी झाली, तरी गोंदिया आणि नागपूर यांच्याशी असलेला व्यवहार तुटला नाही. मराठी माणसाला उकवा परका वाटावा असे काही नाही.

या पठाराच्या पोटात मँगनीज आहे. पोलादाला चिवटपणा आणणारा हा धातू. त्यावाचून पोलाद होत नाही आणि पोलादावाचून देश उभा राहत नाही. 1896 मध्ये येथील खनिजाच्या शोधासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाची इंग्रजी संस्था स्थापन झाली. पुढे तिचे कंपनीत रूपांतर झाले. 1962 मध्ये केंद्र सरकार आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांनी मिळून 51 टक्के भाग घेतले आणि ‘मँगनीज ओअर इंडिया’ ही कंपनी अस्तित्वात आली. 1977 मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली. नागपूरहून चालणारी हीच कंपनी आज ‘मॉइल’ या नावाने ओळखली जाते, आणि देशातील मँगनीजच्या उत्पादनात जवळजवळ निम्मा वाटा तिचा आहे. बालाघाट शहरानजीकची भरवेलीची खाण आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून प्रसिद्ध आहे. उकव्याची खाणही भूमिगतच. इंग्रज मालक गेला आणि खाण राष्ट्राची झाली, हा इतिहास अभिमान वाटावा असाच आहे.

मग गावाच्या नावाचे दोन तुकडे का पडतात? त्याचे कारण खाणीच्या गावाच्या रचनेतच आहे. असे गाव वस्तुतः एक नसते, दोन असतात. एक वसाहत आणि दुसरी वस्ती. वसाहतीत कायम नोकरीचा कामगार राहतो. त्याला पगार ठरावीक तारखेस मिळतो, राहण्यास क्वार्टर असते, नळाला पाणी येते, आजारपणात दवाखाना असतो, निवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधी हाती येतो. त्याचा मुलगा शिकून भिलाईला किंवा नागपूरला जातो आणि सुटीत घरी आला म्हणजे गावाची आठवण कौतुकाने सांगतो. त्याच्या दृष्टीने हे गाव म्हणजे अन्नदाते आहे आणि त्याचे म्हणणे खोटे नाही.

कुंपणाच्या बाहेरची वस्ती वेगळी असते. तेथे कंत्राटदाराकडे रोजावर जाणारा मजूर राहतो. त्याचे काम आज आहे, उद्याचे सांगता येत नाही. खनिजाच्या गाड्या ज्या रस्त्याने जातात, त्या रस्त्याच्या कडेला शेत असलेला कास्तकार तेथे राहतो. मोह आणि तेंदूपत्ता गोळा करण्यासाठी जंगलात जाणारी बाई तेथे राहते. यांच्यापैकी कोणाच्याही नावे कंपनीच्या दप्तरात खाते नसते. धूळ मात्र दप्तर पाहून उडत नाही. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे शरीरात गेली, तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो आणि हातापायांना कंप सुटतो, हे वैद्यकशास्त्राला जुनेच ठाऊक आहे. कायम कामगाराची निदान ठरावीक मुदतीने तपासणी होते; रस्त्याकडेच्या झोपडीतील माणसाची कोण करणार? या माणसाने गावाला नावे ठेवली, तर त्याला कृतघ्न म्हणता येणार नाही.

म्हणजे, गावाची कीर्ती संमिश्र असते ती लोकांच्या लहरीमुळे नव्हे. ती एक जमाखर्चाची वही असते. जमेच्या बाजूचा माणूस एक बोलतो, खर्चाच्या बाजूचा दुसरे बोलतो, आणि दोघेही आपापल्या पानावरचे खरे तेच वाचून दाखवितात. चूक आहे ती दोन्ही पानांची बेरीज कधीच न करणाऱ्यांची.

येथे या पट्ट्यातील खाणकामाची एक रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. भूमिगत खाणीतून खनिज काढले की आत पोकळी राहते. ती तशीच सोडली, तर वरचे छत कोसळून माणसे मरतील. म्हणून नदीची वाळू पाण्याबरोबर आत सोडून ती पोकळी भरून काढतात. जेवढे काढावयाचे, त्या प्रमाणात भरावयाचे, असा तेथील शिरस्ता आहे. हा हिशेब जमिनीखाली इतक्या काटेकोरपणे पाळला जातो, मग तो जमिनीच्या वर का पाळला जाऊ नये? गावातून खनिज जाते, जंगल जाते, तरुण माणसांची उमेदीची वर्षे जातात. त्या जागी काय भरले, हा प्रश्न विचारणारा अभियंता मात्र कोणी नेमलेला नसतो.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते: खाण येण्यापूर्वी येथे होते काय? नुसते जंगल. रस्ता खाणीमुळे आला, बाजार खाणीमुळे भरला, वीज खाणीमुळे आली. या युक्तिवादात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तो अर्धवट आहे. ज्या जंगलाला ‘नुसते’ म्हटले जाते, त्यावर गोंड आणि बैगा यांचे घर चालत होते. शिवाय रस्ता, वीज आणि शाळा या गोष्टी तर देशातील प्रत्येक गावाला मिळावयाच्या असतात. ज्या गावाने पोलादाला मँगनीज पुरविले, त्याला त्या मोबदला म्हणून दाखविणे म्हणजे धनकोलाच त्याच्या पैशातून दक्षिणा देण्यासारखे आहे.

याच्या उलट टोकाचे उत्तर म्हणजे खाणी बंद करा. त्याची चव गोमंतकाने चाखली आहे. 2010-11 च्या सुमारास वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात लोहखनिज बाहेर जात होते. शहा आयोगाचा अहवाल बाहेर आल्यावर सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या. 2014 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून दिली, आणि 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 लीजांचे नूतनीकरण रद्द ठरविले. बेकायदा उत्खननाला चाप बसला, हे योग्यच झाले. पण त्या काळात कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले, बार्जी धक्क्याला लागल्या, गॅरेज आणि खाणावळींना टाळी लागली. आणि गंमत अशी, की कालपर्यंत धुळीने हैराण झालेला माणूसही ‘खाण सुरू करा’ म्हणून मोर्चात दिसू लागला. हा दांभिकपणा नव्हता. त्याच्या वहीत जमेचे दुसरे पान उघडण्याची सोयच कोणी केली नव्हती.

ही सोय करणे अशक्य आहे काय? कायद्याने ती कागदावर केली आहे. 2015 मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठान ही संस्था निर्माण झाली. जुन्या लीजांनी रॉयल्टीच्या 30 टक्के आणि लिलावाने दिलेल्या लीजांनी 10 टक्के इतकी जादा रक्कम या प्रतिष्ठानाकडे भरावयाची, आणि ती खाणीची झळ लागलेल्या लोकांवर व गावांवर खर्च व्हावयाची, अशी ही तरतूद आहे. त्याच वर्षी आलेल्या केंद्रीय योजनेने किमान 60 टक्के रक्कम पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषणाचे निवारण अशा अग्रक्रमाच्या गोष्टींसाठी राखून ठेवण्यास सांगितले. ही तरतूद बालाघाटला लागू आहे आणि गोव्यालाही. गोव्याच्या बाबतीत न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, भावी पिढ्यांसाठी खनिज विक्रीच्या 10 टक्क्यांचा कायम निधी उभारण्यास सांगितले.

परंतु आपल्याकडे निधी निर्माण होतो आणि वाटेत त्याचा हेतू हरवतो, हा अनुभव जुना आहे. 1976 मध्ये लोह, मँगनीज आणि क्रोम खाणींतील कामगारांच्या कल्याणासाठी उपकर बसविणारा कायदा झाला होता. पुढे तो उपकर रद्द झाला. कामगाराच्या पुढच्या पिढीला तो होता याची आठवणही नाही. आताच्या प्रतिष्ठानाचे तसे होऊ नये. जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीतील पैशाला जिल्ह्याच्या ठिकाणच्या इमारतींची ओढ फार असते. घाटावरच्या वस्तीतील विहिरीला वशिला नसतो.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. खाणीच्या प्रत्येक गावात या निधीची जमा आणि खर्च ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, गावाला वाचता येईल अशा भाषेत, दरवर्षी लिहिली जावी. कामांची यादी ग्रामसभेत ठरावी, कचेरीत नव्हे. कंत्राटी मजुराची आणि रस्त्यालगतच्या वस्तीची आरोग्यतपासणी कायम कामगारासारखीच व्हावी आणि तिची नोंद त्यांच्या हाती द्यावी. वसाहतीचा दवाखाना आणि पाणी यांवर कुंपणाबाहेरच्यांचाही हक्क मानला जावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खनिज संपल्यानंतर गाव कशावर जगेल, याचा विचार खनिज संपण्याच्या आधी व्हावा. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मँगनीज एकदाच निघते, भात दरवर्षी पिकतो, हे तेथील शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको. कळावयास हवे ते नियोजन करणाऱ्यांना.

गोव्यातही 2024 मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात खाणीचे यंत्र पुन्हा फिरू लागले आहे. त्याचे स्वागत करणारे आहेत आणि धास्ती घेतलेलेही आहेत. एकमेकांना स्वार्थी किंवा विकासविरोधी ठरविण्यात दोघांनीही वेळ दवडू नये. दोघांनी मिळून ती वही मागावी. उकव्याच्या माणसाने आणि डिचोलीच्या माणसाने एकच प्रश्न विचारावयाचा आहे: आमच्या पायाखालून जेवढे काढले, त्या जागी भरले काय? त्याचे उत्तर सरळ मिळेल त्या दिवशी गावाचे नाव एकच राहील, आणि ते घेताना कोणाला खाली पाहावे लागणार नाही.