जवळ असणे आणि जवळ भासणे

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांची मोटार महाविद्यालयाच्या आवारात अडून बसली. किल्ली त्यांच्या खिशात होती. पण ही किल्ली भोकात घालून फिरवायची नव्हती. ती खिशात असावी, चालकाने गाडीतला खटका दाबावा आणि इंजिन सुरू व्हावे, अशी तिची रचना. किल्लीतील नाण्याएवढा सेल संपला होता. किल्लीच्या पोटात दडवलेल्या धातूच्या पात्याने दार उघडले, इंजिन मात्र ढिम्म. शेवटी माहितीपुस्तिका चाळली आणि तीत सांगितल्याप्रमाणे किल्ली खटक्याला टेकवून धरली. इंजिन सुरू झाले! भोवती जमलेल्यांपैकी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, सेल संपलेला असताना किल्लीने गाडीला आपली ओळख पटवली कशी?"

या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या पुस्तकातच आहे. त्या गाडीत खटक्याजवळ तारेचे एक वेटोळे बसवलेले असते. त्यातून प्रत्यावर्ती धारा वाहते व भोवतीचे चुंबकीय क्षेत्र सतत बदलत राहते. किल्लीतही एक लहानसे वेटोळे असते. बदलत्या क्षेत्रामुळे त्यात विद्युतधारा निर्माण होते आणि तेवढ्या शक्तीवर किल्लीतील चिप जागी होऊन आपला सांकेतिक परिचय देते. मायकेल फॅरेडेने १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच.

परंतु मला याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न, आणि तो त्या दिवशी कोणीच विचारला नाही. एरवी, सेल चांगला असताना, किल्ली जवळ आहे हे गाडीला कसे कळते?

माझे उत्तर असे, की बहुतेक गाड्यांना ते कळत नाही. त्या तसे मानून चालतात.

आपण दाराला हात लावतो किंवा खटका दाबतो, तेव्हा गाडी सुमारे १२५ किलोहर्ट्झ कंप्रतेचे क्षीण चुंबकीय क्षेत्र निर्माण करते व त्यातून एक प्रश्न पाठवते. हा प्रश्न म्हणजे दर वेळी बदलणारी संख्या असते. किल्ली आपल्याजवळच्या गुप्त संख्येच्या साहाय्याने त्याचे उत्तर तयार करते आणि बऱ्याच अधिक कंप्रतेच्या, उदाहरणार्थ ४३३ मेगाहर्ट्झच्या, रेडिओतरंगांनी परत पाठवते. उत्तर बरोबर आले, की दार उघडते, इंजिन सुरू होते. अशा लहान वेटोळ्याचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. एक मीटरवर जेवढे असेल, त्याच्या एक-अष्टमांश ते दोन मीटरवर, आणि एक-सहस्रांश दहा मीटरवर. म्हणून रचनाकारांनी धरले, की ज्या अर्थी किल्लीला प्रश्न ऐकू आला, त्या अर्थी ती गाडीपासून एक-दोन मीटरच्या आत असलीच पाहिजे.

येथेच तर्क घसरला. भूमितीत आपण शिकतो, की प्रमेय खरे असले म्हणजे त्याचा व्यत्यास खरा असतोच असे नाही. 'अंतर कमी असले, की क्षेत्र पुरेसे असते' हे प्रमेय खरे. 'क्षेत्र पुरेसे आहे, म्हणजे अंतर कमी आहे' हा त्याचा व्यत्यास. तो खरा नाही. मध्ये कोणी प्रवर्धक ठेवला तर?

चोरांनी नेमके हेच केले. एक जण गाडीपाशी उभा राहतो, दुसरा घराच्या दाराजवळ. गाडीचा प्रश्न पहिल्याच्या यंत्राकडून दुसऱ्याच्या यंत्राकडे आणि तेथून घरात टेबलावर पडलेल्या किल्लीकडे जातो. किल्ली बिचारी प्रामाणिकपणे उत्तर देते. संकेत फोडावा लागत नाही, काच फोडावी लागत नाही. झुरिच येथील ई.टी.एच. या विद्यापीठातील तीन संशोधकांनी २०११ साली आठ उत्पादकांच्या दहा प्रकारच्या गाड्या तपासल्या. दहाच्या दहा गाड्या या युक्तीला फसल्या. संकेताचे गणित भक्कम होते. कच्चे होते ते भौतिकीतील गृहीत.

मग उपाय काय? उन्हाळ्याच्या अखेरीस वीज चमकली, की आपण गडगडाट होईपर्यंत आकडे मोजतो. तीन सेकंद लागले, तर वीज साधारण एक किलोमीटरवर. गडगडाट किती मोठा, यावरून अंतर ठरवू पाहणारा फसतो. आवाज मोठा करता येतो, वाटेत घालवलेला वेळ मात्र परत मिळवता येत नाही. हाच विचार किल्लीला लागू आहे. रेडिओतरंग सेकंदाच्या एक अब्जांश भागात सुमारे ३० सेंटिमीटर जातात. किल्ली एक मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन सुमारे ७ अब्जांश सेकंद लागतील; ५० मीटरवर असेल, तर सुमारे ३३३. प्रवर्धक कितीही शक्तिशाली असो, त्याला प्रकाशाचा वेग ओलांडता येणार नाही. जुन्या पद्धतीत असे मोजमाप जमण्याजोगे नव्हते, कारण १२५ किलोहर्ट्झच्या एका कंपनालाच ८ मायक्रोसेकंद, म्हणजे ८००० अब्जांश सेकंद लागतात. त्यासाठी फार आखूड स्पंद हवेत. 'अल्ट्रा-वाइडबँड' नावाच्या पद्धतीत ते वापरतात आणि काही नव्या गाड्यांत ती आली आहे. स्पंदांचा क्रम चोराला आधी ओळखता आला, तर येथेही फसवणूक संभवते. म्हणून तो क्रमही गुप्त ठेवावा लागतो.

कोणी म्हणेल, चोरी जुन्या किल्लीनेही होत होती; साबणावर छाप घेऊन नवी किल्ली घडवणारे होतेच. हे मला मान्य आहे आणि नव्या किल्लीला माझा विरोधही नाही. पण जुनी किल्ली खिशातून कोणी काढली तरच धोका, एवढे मालकाला ठाऊक असे. नवी किल्ली घरातच असते, आणि तरीही गाडी जाते. आपले साधन काय गृहीत धरते, हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते आणि आपणही विचारलेले नसते.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना माझी विनंती आहे. व्यस्त प्रमाणाचे सूत्र आपण शिकवतो, उदाहरणे सोडवून घेतो, गुणही देतो. त्यातून एक तास वाचवून मुलांना विचारावे : हे उपकरण प्रत्यक्ष काय मोजते आणि त्यावरून काय मानते? क्रियाशील मोटार अभियंते जेथे चुकले, तेथे आपले विद्यार्थी चुकणारच. मात्र हा प्रश्न विचारण्याची सवय शालेय वयातच लागते. माझ्याकडे महाविद्यालयात येईपर्यंत बहुतेकांना सूत्रात आकडे घालण्याची घाई झालेली असते.

आणि विद्यार्थिमित्रहो, नात्यातल्या किंवा शेजारच्या कोणाकडे अशी गाडी असेल, तर त्यांच्या परवानगीने व त्यांच्या देखत एक प्रयोग करा. किल्ली किती अंतरावर असेपर्यंत दार उघडते, ते टेपने मोजा. मग ती आळीपाळीने प्लॅस्टिकच्या, स्टीलच्या आणि अॅल्युमिनियमच्या डब्यात ठेवून पुन्हा मोजा. झाकण घट्ट असताना व सैल असताना काय फरक पडतो, तेही पाहा. किल्ली प्रत्येक वेळी तीच असेल आणि गाडीही तीच. मग अंतरे बदलली, तर गाडी नक्की काय मोजत होती? उत्तर वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.