फायबरच्या गाडीचे अस्तर

प्रायमरला मराठीत अस्तर म्हणतात. कोटाच्या आत असते तेच हे अस्तर. इंग्रजीत तर याहून गंमत. गाडीला मारायचा पहिला हात म्हणजे प्रायमर, आणि लहान मुलाच्या हाती द्यायचे पहिले पुस्तक, म्हणजे आपली अंकलिपी, तेही प्रायमरच! नोकरीची सगळी वर्षे दुसऱ्या प्रकारच्या प्रायमरात गेली. आता सत्तरी उलटल्यावर पहिल्या प्रकारावर लोकांशी वाद घालतो आहे. निमित्त आमच्या डॉल्फिनचे.

तरुण वाचकांना डॉल्फिन माहीत नसणार. बंगळूरच्या सिपानी कंपनीने १९८२ साली ही छोटी दोन दारांची गाडी काढली. मूळ इंग्लंडच्या रिलायंट कंपनीची 'किटन', इंजिन ८४८ सीसी. त्याआधी याच मंडळींनी 'बादल' नावाची तीनचाकी काढली होती. दोन्हींची बॉडी फायबरग्लासची. पत्र्याची बॉडी दाबून काढायला अवजड प्रेस आणि महागडे साचे लागतात, छोट्या कारखानदाराला ते झेपत नाहीत. फायबरला एक साचा, काचतंतूंची चटई, रेझिन आणि कामगारांचे हात पुरतात. अमेरिकेत शेव्हरोलेने कॉर्व्हेट १९५३ पासून फायबरचीच केली, पण आपल्याकडे लोक "प्लास्टिकची गाडी" म्हणून हसत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि डॉल्फिनचे दिवस भरले. म्हणूनच तर ती पुढे माझ्यासारख्या मास्तराला सेकंडहँड परवडली.

दहिसरची हवा तुम्हाला सांगायला नको. एका अंगाला खाडी, चार महिने पाऊस. आमच्या सोसायटीत त्या काळच्या पत्र्याच्या गाड्या एकेक करून गंजून भंगारात गेल्या. डॉल्फिनची बॉडी शाबूत आहे. रंग मात्र पार गेला. बॉनेटवर खडूसारखी भुकटी आणि दाराच्या कोपऱ्यांना कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा.

चेकनाक्याच्या बाजूला एका गॅरेजात विचारले. मालक म्हणाला, "सर, रेड ऑक्साइड मारू, वर पुट्टी, वर ड्युको. तीस वर्षं हेच करतोय." मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा विस्ताराने सांगतो, कारण जुन्या गाड्या जपणारे आता बरेच झाले आहेत.

रेड ऑक्साइड हे लोखंडाचे औषध. गंज थोपवणे हे त्याचे काम. फायबरला गंजच येत नाही, मग औषध कोणत्या रोगावर? (डॉल्फिनची चासी लोखंडी आहे. खाली जरूर गंजरोधक मारा, तिथे तो हवाच.) काही जण एच प्रायमर सुचवतात. त्यातले आम्ल धातूला किंचित कुरतडून पकड घेते. फायबरवर त्याला कुरतडायला धातूच नाही. रोग न बघता सगळ्यांना एकच गोळी देणाऱ्या डॉक्टरकडे आपण जाऊ का?

माझे मत इपॉक्सी प्रायमरच्या बाजूने आहे. तो दोन भागांचा असतो, डब्यातला रंग आणि हार्डनर. पॉलिश पेपरने खरवडलेल्या जुन्या जेलकोटला तो घट्ट धरतो, आणि जिथे तंतू उघडे पडले असतील तिथे ओल आत जाऊ देत नाही. त्याच्यावर जाड थराचा टू-के प्रायमर मारून, घासून सपाटी आणायची, मग रंग. इपॉक्सी उन्हात उघडा ठेवला तर भुकटतो, म्हणून पुढचा थर वेळेत द्यावा लागतो. किती वेळेत, ते कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेले असते. ते पत्रक वाचणारा पेंटर मिळाला तर त्याला सोडू नका!

पॉलिएस्टरचा जाड स्प्रे फिलर सगळ्या गाडीवर मारा, सुया टोचल्यासारखी भोके एका दमात बुजतात, असे सांगणारेही भेटले. भोके बुजतात हे खरे. पण फायबरची बॉडी चालताना लवते, आणि जाड कडक थर तिच्याबरोबर लवत नाही. जिथे भोके आहेत तिथेच तो वापरावा. चिरांवर तर कोणताच प्रायमर चालत नाही. चीर व्ही आकारात खोल कोरून रेझिन आणि चटईने भरली नाही, तर वरून काहीही मारा, ती पुन्हा डोके वर काढणारच.

जुना रंग काढायला केमिकल रिमूव्हर नको, तो खालचे रेझिनही मऊ करतो. आधी मेण-तेल काढणाऱ्या द्रावणाने पुसायचे आणि नंतर घासायचे. उलट केले तर वर्षानुवर्षांचे पॉलिश ओरखड्यांत जाऊन बसते. आणि हे पावसाळ्यात करायचेच नाही. तंतूंत मुरलेली ओल रंगाखाली अडकली की उन्हात फोड येतात. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस यासाठी उत्तम.

इथवर गॅरेजवाला मान डोलावत होता. खरा वाद पुढे झाला. त्याच्याकडे गन चालवणारा पोरगा विशीच्या आतला, माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलांहूनही लहान. फायबरची धूळ उडत असताना तोंडाला हातरुमाल. टू-के प्रायमर आणि टू-के रंग यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने दमा जडतो, आणि एकदा शरीर त्याला बिथरले की पुढे अगदी थोड्या वाफेनेही धाप लागते. रुमाल सोडाच, साधा कापडी मास्कही तिथे निरुपयोगी. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. इपॉक्सीच्या हार्डनरमध्ये सहसा आयसोसायनेट नसते, पण त्यालाही हातमोजे आणि चांगला मास्क हवाच, कातडीला त्याची ॲलर्जी होते.

म्हणजे प्रायमर निवडताना तो कोण मारणार आणि कशात मारणार, हेही आपणच निवडत असतो. "ते आमचं आम्ही बघू, सर," हे उत्तर मला पुरले नाही. हौसेची गाडी आहे, रुग्णवाहिका नव्हे. तिच्या चकाकीसाठी कोणाच्या छातीत घरघर लागावी, एवढी तिची थोरवी नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षे झाल्याशिवाय गाडी व्हिंटेज ठरत नाही, म्हणजे अगदी पहिल्या डॉल्फिनलाही २०३२ उजाडेल. तेव्हा घाई कसली आहे?

आता ठरले आहे ते असे. घासणे आणि इपॉक्सी याच गॅरेजात, मोजे आणि मास्क मी आणून देणार, आणि पोराने ते घातल्याशिवाय गन हातात घ्यायची नाही. टू-के चे दोन्ही हात मात्र बंद बूथ आणि हवेचा मास्क असलेल्या दुसऱ्या वर्कशॉपात. खर्च चांगलाच वाढतो. मुलगा म्हणतो, "बाबा, एवढ्यात एखादी सेकंडहँड मारुती येईल." येईल की! पण मला मारुती नको आहे.

रंग कोणता, यावर घरात अजून एकमत नाही. गडद रंग उन्हात जास्त तापतो आणि खालच्या तंतूंची वीण वर उमटू लागते, म्हणून मी फिकट रंगाच्या बाजूने आहे. हिला लालच हवा आहे.