उन्हाळी सुटी आणि बालपियानोवादकांची जडणघडण

एप्रिलच्या अखेरीस तामिळनाडूतील शाळांच्या परीक्षा आटोपतात आणि जूनच्या आरंभापर्यंत मुलांना सुमारे चाळीस दिवसांची मोकळीक मिळते. नेमक्या याच काळात चेन्नईत ‘अग्निनक्षत्रम्’ म्हणून ओळखला जाणारा कडक उन्हाचा कालखंड येतो. दुपारी मुलांना बाहेर सोडणे शक्य नसते आणि घरात बसवून ठेवणेही अवघड जाते. मग सुरू होतो उन्हाळी वर्गांचा शोध. पोहणे, चित्रकला, अबॅकस, बुद्धिबळ या यादीत गेल्या काही वर्षांत कीबोर्ड आणि पियानो यांचीही भर पडली आहे. ही भर स्वागतार्ह आहे. मात्र या चाळीस दिवसांचे नेमके काय करावे, याविषयी पालकांच्या मनात पुष्कळ संभ्रम दिसतो.

चेन्नईच्या पश्चिमेकडील अंबत्तूर हे उपनगर या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. टीआय सायकल्सचा कारखाना येथे १९४९ मध्ये उभा राहिला. १९६४ मध्ये औद्योगिक वसाहत स्थापन झाली आणि लहान-मोठ्या यंत्रशाळांनी हा परिसर गजबजून गेला. पुढे माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या आणि २०११ मध्ये अंबत्तूर चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट झाले. आज येथे कुशल कामगार, लघुउद्योजक, अभियंते आणि देशाच्या विविध भागांतून बदलीवर आलेले नोकरदार शेजारी-शेजारी राहतात. त्यात मराठी कुटुंबेही आहेत. पियानो हे धनिकांच्या दिवाणखान्यातील वाद्य, ही जुनी समजूत मागे पडून आता ते अशा मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात येऊ लागले आहे. म्हणूनच त्याच्या शिक्षणाचा विचार हौसेपुरता न राहता नियोजनपूर्वक व्हावयास हवा.

परंपरा परकी नव्हे

तामिळ भूमीत पाश्चात्त्य संगीत कोठून आले, असा प्रश्न एखाद्याच्या मनात येईल. त्याच्या उत्तरात मराठी माणसाला अभिमान वाटावा असा एक दुवा आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी आपल्या दरबारात पाश्चात्त्य धर्तीचा वाद्यवृंद बाळगला होता. व्हायोलिन हे पाश्चात्त्य वाद्य कर्नाटक संगीतात रुजले तेही साधारण याच काळात. मद्रासमध्ये १८४२ पासून चालत आलेली ‘म्युझी म्युझिकल’ ही वाद्यांची पेढी आजही अण्णा सालई या मार्गावर उभी आहे. चित्रपटसंगीतात क्रांती घडविणारे इळैयाराजा १९६८ मध्ये मद्रासला आले आणि धनराज मास्तरांकडे त्यांनी पाश्चात्त्य संगीताची तालीम घेतली. ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये याच शहरात केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी सुरू केली. तात्पर्य, अंबत्तूरच्या एखाद्या सदनिकेत दहा वर्षांची मुलगी पियानोवर स्केल वाजवीत असेल, तर तिच्यामागे दोनशे वर्षांची परंपरा उभी आहे.

वेगाचे आकर्षण

मार्च २०१९ मध्ये चेन्नईच्या लिडियन नादस्वरम् या तेरा वर्षांच्या मुलाने अमेरिकेतील ‘द वर्ल्ड्स बेस्ट’ ही दूरचित्रवाणी स्पर्धा जिंकली आणि दहा लाख डॉलरचे पारितोषिक मिळविले. रिम्स्की-कोर्साकोव्ह यांची ‘फ्लाइट ऑफ द बम्बलबी’ ही रचना त्याने मिनिटाला ३२५ ठोक्यांच्या गतीने वाजविली, त्या वेळची चित्रफीत जगभर पाहिली गेली. शहराला या मुलाचे कौतुक वाटले, हे योग्यच होते. मात्र लिडियनचे घर संगीतकाराचे होते, बालवयापासून त्याचा दिवसच संगीताभोवती आखलेला होता आणि कॉन्झर्व्हेटरीतील शिस्तबद्ध तालीम त्याच्या पाठीशी होती, या गोष्टी त्या काही मिनिटांच्या चित्रफितीत दिसत नाहीत. दिसतो तो केवळ वेग. आणि मग ‘सुटीत आमच्या मुलाला एखादा वेगवान तुकडा बसवून द्या’ अशी अपेक्षा शिक्षकांपुढे मांडली जाते.

वेग हे प्रगतीचे फळ आहे, बीज नव्हे. पियानोवर प्रत्येक बोटाला एकापासून पाचपर्यंत क्रमांक असतो. कोणता स्वर कोणत्या बोटाने वाजवावयाचा, अंगठा इतर बोटांखालून केव्हा न्यावयाचा, मनगट किती सैल ठेवावयाचे, हे सारे संथ गतीतच अंगवळणी पडते. चुकीच्या बोटांनी घाईने बसविलेला तुकडा पाहुण्यांसमोर टाळ्या मिळवून जातो; पण तीच सवय मोडण्यासाठी पुढे अनेक महिने खर्ची पडतात. इळैयाराजांची ‘व्हॅलियंट’ ही सिम्फनी ८ मार्च २०२५ रोजी लंडनमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने सादर केली. धनराज मास्तरांकडील तालमीनंतर अर्धशतकाहून अधिक काळ उलटला होता. संगीतातील गुंतवणूक अशी दीर्घ मुदतीची असते, हे पालकांनी ध्यानात घेतलेले बरे.

प्रमाणपत्र आणि प्रगती

दुसरे आकर्षण परीक्षांचे. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजने संगीताच्या परीक्षा १८७७ मध्ये सुरू केल्या. १८८९ मध्ये स्थापन झालेले असोसिएटेड बोर्डही अशाच परीक्षा घेते. दोन्हीकडे पहिल्या श्रेणीपासून आठव्या श्रेणीपर्यंत पायऱ्या आहेत. महाराष्ट्रातील पालकांना अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा परिचित आहेत. त्याच स्वरूपाची ही व्यवस्था आहे. परीक्षेमुळे अभ्यासाला दिशा मिळते आणि त्रयस्थ परीक्षकाचे मत कळते, हा तिचा मोठा लाभ. पण एका श्रेणीसाठी नेमलेल्या मोजक्याच रचना वर्षभर घोटल्या जातात, परीक्षा संपताच त्या विसरल्या जातात आणि लगेच पुढच्या श्रेणीच्या रचना हाती दिल्या जातात, हा तिचा तोटा. पाचवी श्रेणी उत्तीर्ण झालेल्या मुलापुढे पहिल्या श्रेणीचे अपरिचित पान ठेवले आणि ते त्याला सहज वाजविता आले नाही, तर त्या प्रमाणपत्राचे मोल किती मानावे?

म्हणून उन्हाळी सुटी ही पुढची श्रेणी उरकून घेण्यासाठी वापरू नये, असे स्पष्टपणे सांगावेसे वाटते. शालेय वर्षात ज्यासाठी वेळ मिळत नाही, ते सुटीत करावे. रोज एक अपरिचित, सोपी रचना स्वरलिपी पाहून वाजवावी. चांगल्या वादकांचे वादन लक्षपूर्वक ऐकावे. कानाने ऐकलेले एखादे तामिळ चित्रगीत किंवा मराठी भावगीत स्वतः शोधून वाजविण्याचा प्रयत्न करावा. मित्राच्या व्हायोलिनला किंवा बहिणीच्या गायनाला साथ करावी. अमेरिकेत मिशिगनमधील इंटरलोकेन येथे १९२८ पासून आणि कोलोरॅडोतील अ‍ॅस्पेन येथे १९४९ पासून उन्हाळ्यात तरुण वादक एकत्र येतात. एकत्र राहणे, एकमेकांचे ऐकणे आणि एकत्र वाजविणे हा तेथील शिक्षणाचा मोठा भाग आहे. एरवी पियानोचा विद्यार्थी फार एकाकी असतो. तो ना शाळेच्या बँडमध्ये असतो, ना भजनाच्या मंडळात. सुटीत त्याला सोबत मिळाली तर त्याचे संगीत मोकळे होते.

महाराष्ट्रातून आलेल्या मुलांच्या बाबतीत एक बाब विशेष सांगावयास हवी. पेटी शिकलेले मूल पियानोपुढे आत्मविश्वासाने बसते, कारण पट्ट्यांची रचना ओळखीची असते. परंतु पेटी वाजविताना डावा हात भाता मारण्यात गुंतलेला असतो. पियानोवर तोच हात स्वरसंगती आणि लय सांभाळतो. उजवा हात पुढे धावतो आणि डावा अडखळतो, तेव्हा मुलाला आपण मागे पडलो असे वाटते. वास्तविक त्याचा डावा हात नुकताच शाळेत दाखल झालेला असतो. सुटीतील पहिले दोन आठवडे केवळ त्या हाताला दिले, तरी जूनपर्यंत चित्र पालटते.

चाळीस दिवसांचा हिशेब

बँकेच्या ग्राहकांना हिशेबाची भाषा जवळची वाटेल. आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाचा वर्ग आणि वर्षाचे ४८ आठवडे धरले, तर शिक्षकासमोर मिळणारा वर्षभराचा वेळ होतो २४ तास. सुटीचे ४० दिवस रोज ४५ मिनिटांचा रियाज केला, तर होतात ३० तास. म्हणजे वर्षभरातील वर्गांहून अधिक वेळ एका सुटीत वाद्यासोबत घालविता येतो. मात्र हे गणित आवर्ती ठेवीचे आहे. हप्ता लहान असला तरी चालेल, तो चुकता कामा नये. आठवडाभर वाद्याला हात न लावता रविवारी पाच तास बसणे म्हणजे सर्व हप्ते एकदम भरण्याचा प्रयत्न करणे होय. हाताचे स्नायू असा भरणा स्वीकारत नाहीत.

‘मुलांना सुटीत तरी मोकळे सोडा’ हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तरही या हिशेबातच आहे. सकाळच्या गारव्यात २५ मिनिटे आणि सायंकाळी २० मिनिटे एवढेच मागणे आहे. उरलेला दिवस मुलाचा. त्यासाठी पाच छंदवर्गांऐवजी एक वाद्य आणि एक शिक्षक पुरेसे आहेत. सुटी खऱ्या अर्थाने हिरावली जाते ती एका वर्गातून दुसऱ्या वर्गाकडे धावण्यात.

वाद्य आणि बचत

खरेदीच्या वेळी पालकांची फसगत बहुधा एकाच कारणाने होते. ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड आणि ८८ पट्ट्यांचा पियानो ही दोन वेगळी वाद्ये आहेत. ट्रिनिटीच्या परीक्षांतही इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणि पियानो हे स्वतंत्र विषय आहेत. पियानोत पट्टी दाबली की आतील हातोडी तारेवर आघात करते. दाबाच्या कमी-अधिकपणावर स्वर मृदू की ठाशीव हे ठरते. इटलीत १७०० च्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी हे वाद्य घडविले, ते याच गुणासाठी. हलक्या पट्ट्यांवर शिकलेल्या बोटांना ही जाण येत नाही. लाकडी पियानो चेन्नईच्या दमट हवेत वारंवार जुळवून घ्यावा लागतो आणि त्याला जागाही मोठी लागते. भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबासाठी वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो हा व्यवहार्य मार्ग आहे. शेजाऱ्यांची दुपारची झोप न मोडता हेडफोन लावून त्यावर रियाज करता येतो.

अशा वाद्यांच्या किमती साधारण चाळीस-पन्नास हजार रुपयांपासून सुरू होतात. दरमहा २,००० रुपयांची आवर्ती ठेव दोन वर्षे चालविली, तर मुद्दलच ४८,००० रुपये होते; व्याज वेगळे. तोवर साध्या किंवा वापरलेल्या वाद्यावर शिक्षण सुरू ठेवावे आणि मुलाची ओढ पारखावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बँकेने ठरविलेल्या मर्यादेत आपले बचत खाते स्वतः चालविता येते. वाढदिवसाचे, दिवाळीचे पैसे त्या खात्यात जमा करून मुलाने वाद्याच्या खरेदीला हातभार लावला, तर त्या वाद्याशी त्याचे नाते निराळे जुळेल.

बदलीचा प्रश्न

राष्ट्रीयीकृत बँकांच्या कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न बदलीचा आहे. बदल्या बहुधा शालेय वर्ष संपताना होतात. म्हणजे मुलाच्या वाढीला सर्वांत अनुकूल असलेले दिवस सामान बांधण्यात, घर शोधण्यात आणि शाळाप्रवेशाच्या धावपळीत जातात. शिक्षक सुटतो, वाद्य खोक्यात जाते, आणि नव्या गावी ‘आधी शाळेचे जमू दे’ म्हणता म्हणता वर्ष निघून जाते. कित्येक मुलांचे संगीत अशा रीतीने संपते. त्याची नोंद कोठेच होत नाही, कारण कुणी काही नाकारलेले नसते. फक्त पुढे ढकललेले असते.

यावर उपाय आहेत. अंबत्तूर सोडण्यापूर्वी शिक्षकांकडून एका वहीत मुलाची सद्यःस्थिती लिहून घ्यावी: कोणत्या रचना झाल्या, हाताच्या कोणत्या सवयी सुधारावयाच्या आहेत, पुढे काय घ्यावे. श्रेणींचा अभ्यासक्रम पुणे, मुंबई, गोवा वा चेन्नई सर्वत्र सारखाच असल्याने नव्या शिक्षकांना धागा जोडणे सोपे जाते. जुन्या शिक्षकांशी काही आठवडे दूरध्वनीच्या पडद्यावरून भेट चालू ठेवता येते. आणि नव्या घरात पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराबरोबर वाद्यही उघडावे.

ज्या घरांना हा खर्च पेलणारच नाही, त्यांचे काय? रहमान यांच्या प्रतिष्ठानाने चालविलेला ‘सनशाइन ऑर्केस्ट्रा’ आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलांना विनामूल्य शिक्षण देतो. पण एका संस्थेने सर्वांची गरज भागणार नाही. गृहनिर्माण संस्थांची सभागृहे, महाराष्ट्र मंडळे आणि कर्मचाऱ्यांची करमणूक केंद्रे यांत एकेक डिजिटल पियानो ठेवून सुटीत मुलांना तासांची वाटणी करून दिली, तर एका वाद्यावर दिवसाकाठी दहा-बारा मुले सहज रियाज करू शकतील. अंबत्तूरच्या वसाहतीत काम करणाऱ्या कामगाराच्या मुलालाही त्या रांगेत जागा असावी.

जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा मुलाने किती रचना बसविल्या, कोणती श्रेणी गाठली, हे विचारले जाईल. त्याऐवजी पालकांनी एवढेच पाहावे, की कुणी न सांगता मूल वाद्यापुढे जाऊन बसते का, आणि चुकलेली ओळ पुन्हा संथपणे वाजवून पाहते का. तसे होत असेल, तर सुटी सत्कारणी लागली असे खुशाल समजावे.