त्यांची गरज, आमचं अतिक्रमण

रस्ता रुंद होणार म्हटल्याबरोबर मालकलोक जागे झालेत. परवा त्यांची सभा झाली. हॉलात, पंख्याखाली, चहा-बिस्किटासकट. ठराव झाला की रुंदीकरणात बाधित होणाऱ्या मालमत्ताधारकांना बाजारभावाने मोबदला मिळालाच पाहिजे, नाहीतर रस्ता होऊ देणार नाही. टाळ्यांच्या कडकडाटात पास. मग त्यातले दोन पुढारी आमच्या वस्तीत आले. म्हणाले, पोरांनो, मोर्चा काढतोय, तुमची दोनशे पोरं पाहिजेत. निळे झेंडे आणले तरी चालतील.

आणले तरी चालतील! हा ‘तरी’ आमच्या तीन पिढ्यांच्या ओळखीचा आहे.

मी विचारलं, काका, ठरावात आमचं नाव कुठाय? ते म्हणाले, तुमचं कसं येणार, तुम्ही मालक कुठं आहात?

बरोबर आहे. आम्ही मालक नाही. रस्त्याच्या कडेला पत्र्याखाली चाळीस वर्षं काढलेला माणूस मालक नाही. मालकाच्या गाळ्यात भाड्यानं शिलाई मशीन टाकून बसलेला मालक नाही. नाक्यावर अंडी विकणारी बाई मालक नाही. बुलडोझर सगळ्यांवरून फिरणार, पण बाधित होणार फक्त मालक. बाकीचे फक्त चिरडले जाणार. तेव्हा मित्रहो, मोर्च्याला जायचं की नाही ते नंतर बघू, आधी या मालक नावाच्या माणसाची सात पिढ्यांची झडती घेऊ.

१९७० साली सिडको जन्माला आली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटर मुलूख नकाशावर पेन्सिलनं घेरला गेला. त्याच्याही आधी, साठच्या दशकात, ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसी घुसली होतीच. आगरी-कोळी माणसाची भातखाचरं गेली, मिठागरं गेली, खाडी गेली. १८९४ च्या इंग्रजांच्या कायद्यानं स्वतंत्र भारतात जमिनी घेतल्या आणि हातावर चणे-फुटाणे ठेवले. माणसं उठली. दि. बा. पाटील पुढे झाले. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला जासई-पागोटे परिसरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, पाच माणसं पडली. त्या रक्तातून साडेबारा टक्के योजना निघाली, १९९० मध्ये. त्यातूनही सार्वजनिक सोयींच्या नावानं पावणेचार टक्के कापले आणि हातात पावणेनऊ टेकवले. ही लूट आहे. तिला लूट म्हणायला आमची जीभ अडखळत नाही. त्या पाचांपुढे आम्ही मान झुकवतो.

पण एक हिशेब करा. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के म्हणजे काय? ज्याची एकर गेली त्याला एकराचा हिस्सा. ज्याची गुंठ्यात गेली त्याला गुंठ्याचा. आणि ज्याच्या नावावर काहीच नव्हतं, जो दुसऱ्याच्या खाचरात चिखल तुडवत होता, दुसऱ्याच्या मिठागरात पाय सोलून घेत होता, त्याला शून्याचे साडेबारा टक्के. शेत गेलं तेव्हा त्याची मजुरी पण गेली. टक्क्यांच्या गणितात तो बसत नाही. त्याला काही पाहिजे असेल तर वेगळा अर्ज, वेगळी रांग, वेगळी खिडकी. गावात वेगळा पाणवठा होता, इथं वेगळी खिडकी.

शून्य काय आभाळातून पडलं? महाराला वतन होतं. हाडकी-हाडवळा. गावाची ढोरं ओढायची, सरकारचा सांगावा पोचवायचा, रात्री-बेरात्री सायबाच्या घोड्यापुढं पळायचं, त्याबदल्यात तुकडाभर जमीन आणि दारोदारची भाकरी. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कौन्सिलात या गुलामीविरुद्ध बिल आणलं. वतन कायद्यानं मोडायला १९५८ साल उजाडलं. मोडलं तेही कसं? जमीन परत दिली ती नव्या शर्तीवर. वर्ग दोन. विकायची तर परवानगी, बिनशेती करायची तर नजराणा. गावच्या पाटलाची जमीन वर्ग एक आणि आमची वर्ग दोन! सातबाऱ्यावर पण गावकूस आहे, मित्रहो, ते तलाठ्याच्या शाईनं बांधलेलं आहे.

आता काकांना एक गोष्ट सांगायची आहे. त्यांनी शांतपणे ऐकावी. तुम्ही तरी मालक कधीपासून? तुमचा आजा मालक नव्हता. तो खोताचं, सावकाराचं कूळ होता. अर्धं भात खोताच्या कोठारात ओतत होता. अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली संप केला, तीसच्या दशकात, सहा-सात वर्षं जमीन पडीक ठेवली, करवंदं आणि कंदमुळं खाल्ली पण खोतापुढे वाकले नाहीत. त्यांच्या पाठीशी कोण उभं राहिलं? १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करायचं बिल कुणी आणलं? भीमराव रामजी आंबेडकरांनी. ते बिल महारांपुरतं नव्हतं. तुमच्या आज्यासाठी होतं. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १९५७ चा एक एप्रिल आला आणि कसणारा कूळ मालक झाला. कशाच्या जोरावर? खरेदीखताच्या? बापजाद्यांच्या सनदेच्या? नाही. कब्ज्याच्या जोरावर. ही जमीन मी कसतो, म्हणून माझी, एवढ्या एका वाक्यावर तुमचा सातबारा उभा आहे.

मग आम्ही म्हणतो, इथं मी राहतो, म्हणून हे घर माझं. तेव्हा तुमच्या कपाळावर आठ्या का?

माझा बाप १९७८ नंतर मराठवाड्यातून आला. नामांतराचा ठराव झाला आणि तिकडे आमची घरं पेटली, हे या पानांच्या वाचकाला सांगायला नको. बाप इथं आला तो तुर्भ्याच्या डोंगरात खडी फोडायला. त्याच खडीवर तुमचे रस्ते, तुमचे सेक्टर, तुमची स्टेशनं उभी आहेत. ज्या रस्त्याच्या रुंदीकरणात आज त्याचं घर जाणार आहे त्या रस्त्याच्या पोटात त्यानं फोडलेली खडी आहे. मोजणीवाले आले, टेप धरली, मालकाच्या भिंतीवर लाल रंगानं आकडा लिहिला. आमच्या पत्र्यावर नुसती फुली मारली. बापानं विचारलं, साहेब, आमचा आकडा? तर तो म्हणाला, अतिक्रमणाला आकडा नसतो.

इथं भाषेची गंमत बघा. गावठाणाभोवती पोरं मोठी झाली, घर पुरेना, म्हणून शेतकऱ्यांनी सिडकोच्या ताब्यातल्या जमिनीवर घरं बांधली. त्याला सरकारी कागदात काय म्हणतात? ‘गरजेपोटी बांधलेली घरे’. किती सुंदर शब्द आहे. २०२२ साली शासन निर्णय निघाला, गावठाणाच्या हद्दीपासून २५० मीटरपर्यंतची अशी घरं नियमित करायची. करा. जरूर करा. पोरं मोठी होतात, घर लागतं, गरज ही गरज असते. पण मग दुष्काळानं हाकललेल्या, जातीनं जाळलेल्या माणसानं चार बांबू रोवले ती काय चैन होती? त्यांची ती गरज आणि आमचं ते अतिक्रमण. त्यांच्यासाठी मीटर मोजतात, आमच्यासाठी तारीख. एक जानेवारी १९९५ च्या आधीचा पुरावा आणा. मग २०००. मग २०११, पण पैसे भरून. सरकारनं वही उघडून ठरवायचं की आम्ही कुठल्या तारखेपासून माणसं.

आता मालकाचं नुकसान किती ते पण बघू, कारण सभेत त्यांनी फार रडून घेतलं. महापालिका कायद्याच्या २१० कलमाखाली रस्त्याची नियमित रेषा आखतात. रेषेत आलेली पट्टी द्यावी लागते. बदल्यात पैसे, नाहीतर टीडीआर, म्हणजे बांधकामाचा हक्क, बाजारात विकता येतो असा. एवढ्यावर थांबत नाही. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत चटईक्षेत्र रस्त्याच्या रुंदीशी बांधलेलं आहे. नऊ मीटरच्या रस्त्यावर जेवढं बांधता येतं त्यापेक्षा अठरा मीटरवर जास्त, चोवीस-तीस मीटरवर त्याहून जास्त. म्हणजे दहा फूट गेले, पण उरलेल्या जागेवर मजले चढले. गल्लीतलं दुकान हमरस्त्यावर आलं. बिल्डर दारात आला. सगळ्यांचं असं होत नाही हे मला कळतं. ज्याची अख्खी खोलीच रेषेत गेली, ज्याचं दोन खणांचं घर आहे, ज्या विधवेचं पोट एका गाळ्याच्या भाड्यावर आहे, तिची गोष्ट वेगळी. तिच्यासाठी आम्ही रस्त्यावर झोपू. पण सभेत माईक तिच्या हातात नव्हता. माईक होता चार गाळेवाल्याच्या हातात.

आणि त्या चार गाळ्यांत जे भाडेकरू आहेत? रुंदीकरण हे त्यांना काढायचं फुकटचं निमित्त. टीडीआर मालकाच्या नावावर, भाडेकरू फुटपाथवर, आणि फुटपाथवर आधीच माझी आई.

माझी आई नाक्यावर अंडी आणि सुकट विकते. दोन वर्षांमागं एका कार्यालयाची गाडी आली आणि पाटीसकट माल उचलून नेला. पावती नाही, पंचनामा नाही. २०१४ चा फेरीवाला कायदा म्हणतो की आधी सर्वेक्षण करा, तोवर कुणाला हटवू नका. आईला कायदा वाचता येत नाही म्हणून मी वाचून दाखवला. ती म्हणाली, हे त्या गाडीवाल्याला वाच. बोलता बोलता सभेतल्या एका वक्त्यानं सांगितलं की फेरीवाले हटवले असते तर रस्ता रुंद करायची वेळच आली नसती. त्याच सभेतून माणसं आमच्याकडे दोनशे पोरं मागायला आली! लाज नावाची चीज सातबाऱ्यावर चढत नाही बहुतेक.

त्या वक्त्यानं आणखी एक तारे तोडले. मालमत्ता हा आमचा मूलभूत हक्क आहे म्हणाला. नाही, साहेब. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं तो मूलभूत हक्कांतून निघाला आणि ३००-अ कलमात जाऊन बसला. कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता काढून घेता येणार नाही, एवढंच तो म्हणतो. मूलभूत आहे ते २१ वं कलम, जगण्याचं. १९८५ साली सुप्रीम कोर्टानं मुंबईच्या फुटपाथवरच्या माणसांच्या खटल्यात सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविका येते. त्याच निकालात रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवायलाही मोकळीक दिली, ही त्या निकालाची गोम. तरीपण बाबासाहेबांच्या घटनेत माझ्या आईच्या पाटीची जागा तुमच्या गाळ्यापेक्षा वरच्या कलमात आहे, हे एकदा डोक्यात घ्या. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं तर बाधित कुटुंबाच्या व्याख्येत भूमिहीन मजूर घेतला, कूळ घेतलं, कारागीर घेतला. मग महापालिका काय करते? रेषा आखते, टीडीआर देते, मालकाशी समजुतीनं जागा घेते आणि तो कायदा दाराबाहेर उभा राहतो. आमच्यासारखाच.

आमच्यात दोन तऱ्हेची पोरं आहेत. एक म्हणतात, जळू द्या मालकांना, आपलं काय जातं. अरे, आपलंच पहिलं जातं! मालकाला नोटीस येते, तो कोर्टात जातो, स्टे आणतो, वर्ष-दोन वर्षं ढकलतो. बुलडोझरला तोवर काम पाहिजे. तो मऊ बाजूनं सुरुवात करतो. दुसरे म्हणतात, जाऊ या मोर्च्याला, पुढारी ओळखीचे होतील, एखादं कंत्राट, एखादी सिक्युरिटीची नोकरी. यांच्याबद्दल मी काही लिहीत नाही. झेंड्याचा कपडा किती रुपये मीटर ते त्यांनाच ठाऊक.

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ ला दहा माणसं मारली गेली. पूर्व मुक्त मार्ग ठाण्याकडे न्यायचा तर त्याच वस्तीतून न्यावा लागतो असं ठरलं, तेव्हा सरकारला तिथं झोपडीन् झोपडी मोजावी लागली, पुनर्वसनाची योजना मांडावी लागली. ती योजना चोख आहे असं मी म्हणत नाही. पात्र-अपात्रचं गुऱ्हाळ तिथंही आहे. पण मोजलं. कारण ती वस्ती संघटित आहे आणि तिला फुली मारून पुढे जाता येत नाही. मग नवी मुंबईत झोपडी मोजायला टेप आखूड पडते काय?

तेव्हा मालकांना आमचा निरोप असा. ठराव बदला. ‘मालमत्ताधारक’ खोडा, तिथं लिहा: रस्त्याच्या रेषेत राहणारा, भाड्यानं बसणारा, पाटी घेऊन बसणारा आणि मालक. या क्रमानं. भाडेकरूचा गाळा नव्या इमारतीत लिहून द्या. झोपडीला मालकाच्या भिंतीसारखाच आकडा पडेपर्यंत एकही भिंत पाडू देणार नाही, हे तुमच्या सहीनं आयुक्तांना द्या. सह्या झाल्या तर दोनशे नाही, दोन हजार पोरं आणतो, आणि झेंडे आम्ही विचारून आणणार नाही. सह्या झाल्या नाहीत तर आमचा मोर्चा वेगळा निघेल. तो महापालिकेवर जाईल, पण तुमच्या हॉलावरून जाईल.

वस्तीतल्यांना सांगणं एवढंच. फुली पुसू नका, तिचा फोटो काढा, तारखेसकट. रेशनकार्ड, लाईटबिल, मतदारयादीतलं पान, पोरांचे शाळेचे दाखले, जे असेल ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून रविवारी संध्याकाळी विहारात या. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी आधी या, त्यांची यादी पहिली करायची आहे. झेरॉक्सचे पैसे वर्गणीतून भागतील. टेप आम्ही आणलीय. पहिल्या घरापासून मोजायला लागू.