रीडिंग जुळवणाऱ्यांचं रसायनशास्त्र

'डेरिव्हेशन पाठ करा, न्यूमरिकल सोडून द्या, पास व्हाल.' बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला फिजिकल केमिस्ट्रीबद्दल हा गुरुमंत्र आमच्या पिंपरी-भोसरी पट्ट्यात सर्रास दिला जातो. देणारे वर ज्ञानदानाचा आव आणतात. मला या माणसांचा संताप येतो, आणि तो कुठे बसून येतो ते बघा.

याच पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. 1955 पासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं. बुरशीच्या पातळ रसातून पेनिसिलिन बाहेर काढतात कसं? रस थंड करायचा, आम्ल घालून पीएच दोन-अडीचवर आणायचा. मग बहुतेक रेणूंवरचा विद्युतभार जातो आणि ते पाणी सोडून ब्युटाइल ॲसिटेटसारख्या द्रावकात शिरतात. पुढे पीएच सातच्या आसपास नेला की पुन्हा पाण्यात. आणि थंड कशासाठी? आम्लात पेनिसिलिन भराभर मोडतं, गारव्यात मोडण्याचा वेग घटतो म्हणून. वितरणाचा नियम, आम्लाचा समतोल, अऱ्हेनियसचं समीकरण: तिन्ही एकाच कामात! आमचे प्रकांडपंडित मात्र हेच तीन धडे तीन वेगळ्या युनिटांत उरकतात, पेनिसिलिनचं नावही न घेता.

भोसरीला चला. झिंक प्लेटिंगच्या टाकीत 100 अँपिअर करंट तासभर सोडला, तर फॅरडेच्या हिशेबाने 122 ग्रॅम जस्त चढायला हवं. चढतं त्याहून कमी. उरलेला करंट गेला कुठे? बराचसा हायड्रोजन सोडण्यात. तो हायड्रोजन कडक पोलादाच्या बोल्टात मुरला की बोल्ट ठिसूळ होतो, अचानक तुटतो. म्हणून असले बोल्ट प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत तापवावे लागतात. जे न्यूमरिकल 'सोडून द्या' म्हणतात, ते हेच.

आता धोरणकर्त्यांची अक्कल पाहा. अकरावीत गणित सोडायची मुभा द्यायची, तरी बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेऊ द्यायची, आणि एन्ट्रॉपीच्या तासाला फळ्यावर इंटिग्रल मांडायचं. मुलगी गोंधळली की ऐकवायचं, 'तुझा बेसच कच्चा!' अहो, तो कच्चा चालेल असं लिहून कोणी दिलं? तुम्हीच ना?

प्रॅक्टिकलची तर शुद्ध विटंबना. वेगाचा स्थिरांक किती 'यायला पाहिजे' हे आधीच ठाऊक असतं. मुलं तिथून उलटा हिशेब करून ब्युरेटची रीडिंग जुळवतात, आलेख सरळ रेषेत बसतो, जर्नलवर सही मिळते. ज्याने खरं मोजलं आणि ज्याचे बिंदू विखुरले, त्यालाच 'पुन्हा कर'. विज्ञानाच्या वर्गात खऱ्याला शिक्षा आणि खोट्याला मार्क!

मागणी साधी आहे. पहिल्या सत्रात लॉगरिदम, उतार, डेरिव्हेटिव्ह नीट शिकवा आणि मगच एन्ट्रॉपीला हात घाला. मुलांना प्लेटिंगच्या शेडमध्ये न्या. आकडा चुकला आणि का चुकला हे ज्याने शोधलं, त्याला पूर्ण मार्क द्या. कारण यातलीच काही मुलं उद्या भोसरी-चाकणच्या क्वालिटी विभागात रिपोर्टवर सह्या करणार आहेत. रीडिंग जुळवायची सवय त्यांना तिथे लावावी लागणार नाही; ती आपण प्रयोगशाळेतच, सहीनिशी लावून पाठवतो.