अननस, बाण आणि फोनिक्सचा क्लास

आमच्या ऑफिसात लंचला हल्ली एकच विषय असतो: कोणाचं पिल्लू कुठल्या फोनिक्स क्लासला जातं. साडेतीन वर्षांच्या पोराला आवाज शिकवायला हजारो रुपये मोजणारी ही तीच मंडळी, जी ओपन सोर्स असताना लायसन्स कशाला विकत घ्यायचं यावर तासभर भाषण ठोकतात. तर मंडळी, या वीकेंडचा वैताग हाच.

माझं म्हणणं सरळ आहे. मराठी घरातल्या मुलाला अक्षरांचे आवाज शिकवायला क्लास लागत नाही, अ‍ॅप लागत नाही आणि भिंतीवरचा तो तक्ता तर मुळीच लागत नाही.

तक्त्यापासूनच सुरुवात करू. 'अ अननसाचा' म्हणताना पोरगं बघतं अननसाकडे. चित्र हाताने झाका, गाडी तिथेच थांबते. शिवाय 'ग गणपतीचा' मध्ये आवाज शब्दाच्या सुरुवातीला आणि 'ण बाणाचा' मध्ये शेवटी! ण आणि ळ ने मराठी शब्द सुरूच होत नाहीत, मान्य. पण मधेच नियम बदलला हे त्या पोराला कोण सांगणार? क-ख-ग-घ हा क्रम उच्चाराप्रमाणे लावलाय, देखणा आहे. पण ही चार अक्षरं शिकून घरात रोज बोलला जाणारा एक शब्द तरी बनतो का?

आता खेळ. नोकरी बदलल्यावर उरलेली जुनी व्हिजिटिंग कार्डं काढा (असतातच!). मागच्या कोऱ्या बाजूवर न, क, म, ब लिहा. एका अरुंद पट्टीवर नुसता काना.

पहिले काही दिवस कार्डं बाहेर काढायचीच नाहीत. "न ने सुरू होणारं काहीतरी शोध" म्हटलं की पोरगं नळाकडे पळतं. मग कार्डं जमिनीवर पसरा. तुम्ही आवाज काढा, त्याने त्या कार्डावर उडी मारायची. शेवटी कान्याची पट्टी द्या. काका, मामा, नाना, बाबा, नाक, कान, काम, मान, मका... चार अक्षरं आणि एक काना! अख्खं खानदान पहिल्याच आठवड्यात.

ऱ्हस्व वेलांटीला मात्र घाई नको. 'कि' मध्ये वेलांटी दिसते आधी, ऐकू येते नंतर. युनिकोडवाल्यांनीही आधी क आणि मग वेलांटी असाच क्रम साठवायचं ठरवलं, म्हणजे आवाजाचा. दुसरा खड्डा च-ज चा. चमचा आणि चमचे, दोन्ही मोठ्याने म्हणून बघा. मूल बोलताना हे बरोबर करतं, त्यामुळे शब्दातूनच शिकवा.

यात माझा शोध काही नाही. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये बालगृह काढलं आणि पुढे खरखरीत कागदाची अक्षरं मुलांना बोटाने गिरवायला दिली, तोंडाने आवाज म्हणत. ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीत आजूबाजूला मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून बालशिक्षण उभं केलं. आणि आपण, पॅकेजवाले, म्हणतो की साधनं महाग आहेत!

"पण शेवटी इंग्रजीच लागणार ना?" लागेल की. इंग्रजीत सी चं नाव 'सी' आणि कॅटमध्ये आवाज 'क', म्हणून तिथे फोनिक्स वेगळं शिकवावं लागतं. आपल्याकडे क चं नावच क. शब्दातला सुटा आवाज कानाने पकडायची सवय इथे सोप्यात लागते आणि ती इंग्रजीतही कामाला येते.

२०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. पण घरी अस्खलित मराठी बोलणारं पोर जर दुकानाची पाटी वाचताना अडखळत असेल, तर ती उणीव कायदा भरून काढणार नाही. रोजची दहा मिनिटं भरून काढतील. ती दहा मिनिटं नाहीत म्हणून आपण क्लासची फी भरतो, एवढं तरी निदान स्वतःशी कबूल करा.

असो. कार्डं शोधा.