बारा तासांचा खोटा हिशेब

थकव्याचा खर्च ताळेबंदात दिसत नाही, म्हणून तो होतच नाही असे राज्य सरकारने धरलेले दिसते. कारखान्यातला दिवस नऊवरून बारा तासांचा आणि जादा कामाची तिमाही मर्यादा ११५ वरून १४४ तासांची करण्याचा मंत्रिमंडळाचा सप्टेंबर २०२५ मधील निर्णय त्याच समजुतीतून आला. तास वाढले की माल वाढतो, हा हिशेब शंभर वर्षांपूर्वीच खोटा ठरला आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने दारूगोळा कामगारांच्या आरोग्यासाठी १९१५ मध्ये नेमलेल्या समितीच्या पाहणीत तास घटवूनही एकूण उत्पादन घटले नाही. काही कामांत ते वाढले. तोफगोळ्यांची टंचाई असलेल्या देशाचा हा अनुभव आहे.

पॉवर प्रेसवर हे उघड दिसते. पत्रा सरकवायचा, हात मागे घ्यायचा, पॅडल दाबायचे, पाळीभर तेच. अकराव्या तासाला हात मागे यायला क्षणभर उशीर होतो आणि बोटे जातात. मशीन थांबते, ऑर्डर रखडते, भरपाई द्यावी लागते. बोटे वाचली तरी रिजेक्शन वाढते, खाडे वाढतात. खाड्याची निदान नोंद तरी होते. ताप अंगावर काढून उभा राहणारा कामगार हजेरीपटावर पूर्ण दिवस भरतो आणि काम अर्धेच करतो. तो तोटा कोणीच मोजत नाही.

आठवड्याला ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, हे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्येच सांगितले आहे. अनुभवी फिटर चाळिशीत अंथरुणाला खिळला, तर त्याचे कसब कारखान्याला बाजारात विकत मिळत नाही.

जादा काम कामगाराच्या लेखी संमतीनेच होईल, हा बचाव तकलादू आहे. देशातील संघटित कारखान्यांत पाचांपैकी सुमारे दोन कामगार कंत्राटी आहेत. नकार देणाऱ्याचे नाव ठेकेदाराच्या यादीतून दुसऱ्या दिवशी गळते, तेथे संमती कसली? एक आजारी पडला तर दुसरा मिळतो, ही समजूतही मालकांना महागात पडते. नव्याचा हात बसेपर्यंत माल बिघडतो आणि बसला की करार संपतो.

कामगार आजारी पडला तर उपचार मिळावेत म्हणून राज्य कामगार विम्यासाठी मालक वेतनाच्या सव्वातीन टक्के वर्गणी भरतात. बारा तास आत असलेल्या कामगाराला त्याचा उपयोग व्हायचा, तर विमा योजनेच्या दवाखान्यांचे बाह्यरुग्ण विभाग रात्री उघडे हवेत, तेथे डॉक्टर हवेत. पाळी लांबवण्याआधी ही सोय करायला हवी होती.